दसऱ्याचं हत्यार

तळवलीच्या भागीरथीबाईंच्या तीन मजली इमारतीत नेट गेलं, तर कंपनीला फोन कोणी लावत नसे. जिन्यातून हाक जायची, "मावशी, नेट गेलं!" की बासष्ट वर्षांच्या भागीरथीबाई पदर खोचून पहिल्या मजल्याच्या वळणावर हजर. तिथं फळीवर राउटर ठेवलेला. सहाही खोल्यांना तोच एक.

पुतण्या मिथुनने त्यांना मंत्र दिला होता : बंद कर, वीस मोज, चालू कर. बाई मोजायच्या मात्र खळ्यावर भात मोजावं तसं. "लाभ, दोन, तीन..." धान्य मोजताना एकाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, ही त्यांच्या बापाची शिकवण. भाडेकरू तोंड फिरवून हसायचे. पण वीस झाले की नेट यायचंच, मग कोण काय बोलणार!

बाईंचं माहेर-सासर दोन्ही इथलंच. लहानपणी खाडीकडेच्या मिठागरात बापामागे टोपल्या वाहिल्या, लग्नानंतर चिखलात भात लावलं. मग शहर आलं आणि शेतं गेली. राहत्या घराच्या जागी यजमानांनी, कमळाकरांनी, ही इमारत बांधली आणि चार वर्षांपूर्वी तेही गेले. पोरगी रंजिता पनवेलला नांदते. बाईंना करमतं ते या सहा बिऱ्हाडांमुळे.

यंदा दसऱ्याला बाई साडेदहाला पूजेला बसल्या आणि पाट रिकामा बघून त्यांना कसंसंच झालं. पूर्वी या पाटावर जागा पुरायची नाही. नांगर बांधकामात कुठे गेला देव जाणे, मिठागरातलं फावडं गंजून भंगारात गेलं, कोयताही त्याच वाटेने गेला. मग काय भाजीची विळी पुजायची? छे! हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते. आणि आता घर कशावर चालतं? खोली बघायला येणारा माणूस पाण्याआधी विचारतो, नेट आहे का!

झालं. बाई हळद-कुंकू, अक्षता, झेंडू घेऊन जिन्यात गेल्या. राउटरला वर ठसठशीत टिळा लावला. तेवढ्यावर थांबतील त्या भागीरथीबाई कसल्या? ज्या बारीक पिवळ्या वायरीतून नेट येतं, ती उपसली, तिच्या टोकालाही कुंकू लावलं आणि परत खोचली. हात जोडले, डोळे भरून आले.

अर्ध्या तासात वरून हाक आली, "मावशी, नेट गेलं! आणि लाल लाइट आलाय!"

हाक अल्तमशची होती. श्रीवर्धनचा पोरगा, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रांवरचे मीटर दुरुस्त करायचा. कारखाना तीन महिन्यांपूर्वी बंद पडला. बायको अलिशा तान्ह्या मुलीला घेऊन गावी. आज बारा वाजता दोह्याच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत होती, लॅपटॉपवर. आखातात कसला आलाय दसरा! मोबाइलवर फोन कसाबसा लागायचा, पण नेट म्हणाल, तर इमारती एकमेकींना इतक्या खेटून की ते फक्त गच्चीवर, आणि गच्चीखाली डीजे दणाणत होता.

बाईंनी बंद केलं, "लाभ" पासून वीस मोजले, चालू केलं. लाल. पुन्हा वीस. लालच. अल्तमशने बाईंच्या मोबाइलवरून नेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि बाईंसमोर धरला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "मॅडम, वायर कुणी काढली होती का?"

बाईंनी जिन्यात जमलेल्या भाडेकरूंकडे पाहिलं. साऱ्या बिऱ्हाडांसमोर नेटवाल्या मावशीनेच नेट घालवलं म्हणायचं? "कोनी नाय," त्या फटकन बोलल्या.

"मग बाहेरचा फॉल्ट दिसतोय. संध्याकाळपर्यंत माणूस येईल."

साडेअकरा झाले होते. अल्तमशने लॅपटॉप पिशवीत टाकला. "घणसोलीला मित्राकडे जातो, मावशी. रिक्षा मिळाली तर ठीक, नायतर नशीब माझं." दसऱ्याच्या दिवशी, रस्ताभर मिरवणुका असताना, कुठून मिळणार रिक्षा! त्याचा घामेजलेला, इस्त्रीचा शर्ट बघून बाईंना स्वतःचीच लाज वाटली. दोन पायऱ्या उतरलेल्या पोराचा त्यांनी दंड धरला.

"थांब रं बाला. मी खोटं बोलले. वायर मीच काडली होती. कुंकू लावलं तिला."

दुसऱ्या मजल्यावरची नमिता फिस्सकन हसली आणि लगेच ओशाळली. अल्तमश मात्र हसला नाही, रागावलाही नाही. "आधी बोलायचं ना, मावशी! हे तर माझंच काम." त्याने वायर हलकेच ओढली. "आत डोळा घालू नका हां, यातून लेझरचा उजेड येतो. कुंकवाने तोच अडलाय." वरून दुरुस्तीच्या पेटीतलं स्पिरिट आणून, चष्म्याच्या फडक्यावर थेंबभर घेऊन त्याने ते इवलं टोक पुसलं. फडक्यावर तांबडा ठिपका उमटला. वायर खोचून बटण दाबलं आणि तो बाईंकडे बघून म्हणाला, "मोजा."

"लाभ," बाईंनी सुरुवात केली. दोनला नमिता सामील झाली, पाचला सगळा जिना. सतराला हिरवा दिवा लागला.

अल्तमश वर पळाला. बाईंनी टिळा पुसायला पदर उचलला, तसा तो कठड्यावरून ओरडला, "वरचा राहू दे! आतलंच नडत होतं!"

तासभर बाई राउटरखाली पायरीवर बसून राहिल्या, कुणाला जोरात बोलू दिलं नाही. तो उतरला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. "घेतलं, मावशी. पुढच्या महिन्यात जायचं." बाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. आनंद झाला, आणि महिन्याने ही वरची हाक येणार नाही म्हणून वाईटही वाटलं.

तेवढ्यात बाईंना मदतकेंद्रातल्या त्याच मुलाचा फोन आला. "मॅडम, नेट आलेलं दिसतंय. कारण काय टाकू?"

"मीच वायर काडली होती. मगाशी खोटं बोलले तुज्याशी."

"का काढली, मॅडम?"

"दसरा हाय ना. आनि पूजेला घरात दुसरं हत्यार नव्हतं."

मग तो मुलगा हळूच म्हणाला, "एवढं लिहायला इथं जागा नाही, मॅडम. 'वायर सैल' टाकतो."