बिनखिळ्याची भिंत

कुणाच्याही घरी गेले की गुरुजी आधी फरशीवर बसायचे. खुर्ची पुढे केली तरी नाही. पाठ सोफ्याला टेकवायची, मान किंचित वर, आणि समोरची भिंत बघत राहायचं. चहा येईपर्यंत त्यांचं मत तयार असे.

"चित्र उंच गेलंय, सर. घरात आपण बसतो की उभे राहतो?"

आम्ही दोघं तलासरीकडच्या एका शाळेत शिकवायचो. ते मराठी, मी गणित. डहाणूत राहायचोही एकाच इमारतीत. मी फ्लॅट घेतला तेव्हा हॉलची भिंत मोजून तिच्या बरोबर दोन तृतीयांश रुंदीचा धबधबा विकत आणला होता. गुरुजींनी बसून बघितला. म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. पण दिवसभर नळ चालू राहिल्यासारखं वाटतंय."

बायको इतकी हसली की धबधबा दुकानात परत गेला. मग कितीतरी दिवस भिंत रिकामी. मी घाई केली की ते म्हणायचे, "थांबा हो. भिंत कुठं पळून जात नाही." शेवटी त्यांनीच एक छोटं चित्र शोधून दिलं: वाढवणच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील. त्यांच्या सांगण्यावरून मी ते इतकं खाली लावलं की मेहुण्यानं विचारलं, "हे मांजरासाठी आहे का?" आजही मी तेच बघत चहा पितो.

दुसऱ्यांची घरं सजवणारा आणि स्वतःच्या घरी काहीच न लावणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गुरुजींच्या हॉलमध्ये एक अख्खी भिंत गेरूनं सारवलेली होती. तिच्यावर ना चित्र, ना कॅलेंडर, ना घड्याळ. दर दिवाळीला वहिनी हातानं नवा थर द्यायच्या.

"ही पोरीच्या चौकाची," गुरुजी सांगायचे. ते वारली समाजाचे. त्यांच्यात लग्नघरी सवाशिणी गाणी म्हणत भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, मधोमध देवी. मुंबईचे पाहुणे तसले चौक फ्रेम करून न्यायचे. गुरुजी त्यांना चांगला निवडूनही द्यायचे. स्वतःच्या भिंतीला मात्र त्यांनी खिळा लागू दिला नाही.

मुलगी नर्स होती. सुट्टीला आली की म्हणायची, "बाबा, आता काय भिंतीसाठी लग्न करू?"

"सावकाश कर. भिंत कुठं पळून जात नाही."

पुढे रानशेतचा मुलगा पसंत पडला. गुरुजींनी मला टेप घेऊन बोलावलं. भिंतीचा मध्य काढायचा होता. मी पेन्सिलनं बारीक ठिपका केला. "इथं देवी," ते म्हणाले, खाली बसले आणि मुलीला हाक मारली. ती शेजारी येऊन बसली.

"दिसते का?"

"दिसते की," ती म्हणाली. भिंत कोरी होती.

लग्नाआधीच ती गेली. तापाचं निमित्त झालं.

त्या दिवाळीला भिंतीला गेरू लागला नाही. वहिनी हॉलमध्ये बसेनात. "तिथं काहीतरी लावा," एवढंच म्हणायच्या. गुरुजी मला घेऊन दुकानांतून फिरले. समुद्र, बैल, फुलं. जगाला चित्रं निवडून देणारा माणूस प्रत्येक चित्रासमोर नुसता उभा राहायचा. एकदा मी म्हणालो, "तिचाच फोटो लावू या का?"

"हार घालावा लागेल, सर," ते म्हणाले. "त्या भिंतीवर?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅट विकला आणि दोघं गावी गेली. टेम्पो भरून झाला तरी गुरुजी खाली येईनात म्हणून मी वर गेलो. ते रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसले होते. टेकायला सोफाही नव्हता. मीही शेजारी बसलो.

मागच्या महिन्यात त्या फ्लॅटमधल्या नव्या माणसांनी चहाला बोलावलं. नवरा रेल्वेत, पुण्याहून बदलून आलेला. हौशी जोडपं. "भिंतीचा रंग इतका छान मिळाला, तसाच ठेवला," त्याची बायको म्हणाली. "त्यावर शोभेल असं हे घेतलं."

काचेची मोठी फ्रेम. आत लग्नाचा चौक, मधोमध देवी, कोपऱ्यात घोड्यावर नवरानवरी.

"कसं दिसतंय, काका?"

त्यानं खुर्ची पुढे केली. मी फरशीवर बसलो. दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"थोडं खाली घ्या," मी म्हणालो.

त्यानं लगेच स्टूल आणून फ्रेम उतरवली. मागे माझा ठिपका अजून होता. मी उठून त्यावर बोट ठेवलं.

"देवी इथं येऊ द्या."