काकाजींचा बिनपडद्याचा कॉम्प्युटर

मला लिहिता येतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं, एवढंच मला ठाऊक. काकाजींबद्दल खरं तर त्यांच्या घरच्यांनी लिहायला हवं. ते कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं तर पोटात घालावं.

काकाजींचं कारंज्याला धान्याचं दुकान होतं, आणि समोर कोणतीही वस्तू आली की ते एकच प्रश्न विचारत, "हे काऊन पाह्यजे?" म्हणजे, हे हवंच कशाला? दुकानावर पाटी नव्हती. "गिऱ्हाईक मले ओळखते, पाटीले नाई," म्हणत. घरात खुर्च्या मोजक्या, भिंती कोऱ्या. काकू वारल्यानंतर तर ते एकेक वस्तू लोकांना देऊनच टाकत होते. मी हिंगणीहून शिकायला आलो आणि त्यांच्या माडीवरची खोली घेतली, तेव्हा माझी पेटी, गादी आणि बोचकी बघून ते दारातच उभे राहिले. "शिकाले आला का वरात घेऊन आला रे बाबू?"

अशा माणसाला एकाच गोष्टीचा लोभ होता. ज्वारी-तूर खरेदीला ते गावोगाव फिरत, आणि सोबत टेपरेकॉर्डर नेत. कुठे दंडारीचं नाचगाणं असो, कुठे खंजिरी भजन, काकाजी पुढे बसून सगळं टेप करत. घरी कॅसेटींनी कपाट भरलं होतं. त्या कपाटाला मात्र तो प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

मी कॉम्प्युटर शिकतो म्हटल्यावर एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. मुलगा, त्याला सगळे भाऊ म्हणत, नागपूरला नोकरीला. त्याचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत पडून होता. त्यात सगळी गाणी भरायची आणि तिथून दुकानापर्यंत वायर ओढून दोन्हीकडे ऐकायची, असा त्यांचा बेत. अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, केलं मात्र कधीच नव्हतं. मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी घेऊन मी भीत भीत बसलो.

ती सीडी, काय काय टाकू, असं विचारत जाते. मी वाचून दाखवी आणि काकाजी निकाल देत.

"खेळ हायेत, काकाजी."

"काढ."

"चित्रं रंगवाचं हाय."

"मी काय बालवाडीत हाओ? काढ."

शेवटी ते म्हणाले, "आता तो पडदाई काढ."

मला हसू आलं. "पडदा गेला तर दिसन कसं?"

"मले तसंई कुठं दिसून राह्यलं, बाबू," ते म्हणाले. "साखरेनं डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणे, उरलं तेई जाईन. म्हणून म्हणतो, डोळ्यासाठी जे जे हाय ते सारं काढ. कानापुरतं ठेव."

त्यानंतर मी हसलो नाही. मिळेल ते काढत सुटलो आणि त्या भरात आवाजाचा भागही उडवला. यंत्र सुरू झालं, पण मुकं. काकाजी कान लावून बसले होते. मी चूक सांगितल्यावर म्हणाले, "घ्या! पाखडता पाखडता दाणेई उडवले बाप्पा यानं!" आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो.

मग ते जमलं. लोडशेडिंग संपून लाईन आली की यंत्र आपोआप उठे. काकाजी बोटांनी चाचपून आकडा दाबत, आणि त्या आकड्याची कॅसेट सुरू होई.

कॅसेटी आत घेताना मध्येच नको असलेले आवाज येत. कुत्री, खोकला, ट्रकचे हॉर्न. मी ते कापून टाकी. एका भजनात मात्र काकूंचा आवाज आला. "तुमचं झालं काय? वरण थंडं होऊन राह्यलं! लोकाचे गाणे पोट भरतीन काय?" मी सवयीने विचारलं, "हे काढू काय?"

काकाजींनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "ते नको काढू. भजन काढलं तरी चालते." आणि थोड्या वेळाने, "भाऊले नको सांगजो. हसन मले."

काम झाल्यावर कॅसेटी त्यांनी भजन मंडळाला देऊन टाकल्या. "आता ह्या काऊन पाह्यजे?" मंडळाने त्यांच्यावर नवी भजनं भरली.

मी नोकरीला पुण्याला गेलो. घरमालकांच्या फोनवर काकाजींचा फोन येई. नजर पार गेली तेव्हा भाऊ त्यांना नागपूरला घेऊन गेला. फोन कमी झाले. "इथं सगळं हाय," एवढं सांगत. पुढे फोन थांबले. कारंज्याचा नंबर लावला तर नुसताच वाजे. मला वाटलं, मुलाजवळ सुखात असतील.

दिवाळीला गावी जाताना नागपूरच्या बसस्थानकावर भाऊ भेटला. डोक्यावर नुकतेच केस आलेले.

"तुले कळलंच नाई काय?" तो म्हणाला. "बाबा गेले. पोळ्याच्या आधीच. तुहा नंबर बाबाच्या बोटाले पाठ होता रे, कुठी लिहून नव्हता. कसं कळवावं तुले?"

मी कसंबसं त्या कॉम्प्युटरचं विचारलं.

"तो डब्बा? बाबाले नागपूरले आणल्यावर तिथलं घर खाली करतानी पडदा लावून पाह्यला. काईच नाई त्याच्यात, नुसतं काळं. बिघडला समजून भंगारात देऊन टाकला. मले वाटलं, सामान कमी झालं, खूश होतीन. तर 'बरं केलं' म्हणाले अन् भिंतीकडं तोंड करून पडले. दुपारचे कधी झोपत नसत ते."