बंदूक माझ्या नावावर

माझे मालक हातभट्टीची दारू पिऊन गेले. दारूबंदीचा काळ तो. दुकानात दारू मिळत नव्हती, पण ताम्हिणीच्या अंगाला रानात ती गाळली जायची आणि गवताच्या भाऱ्यातून गावात यायची. त्या खेपेत काय मिसळलं होतं, कुणास ठाऊक. सकाळी उठले तर त्यांना दिसेना. दुसऱ्या दिवशी गेलेच. भट्टी कुणाची, हे सांगायला कुणी पुढं आलं नाही, कारण ज्यांना माहीत होतं तेही तिथलीच पीत होते.

मागं त्यांची ठासणीची बंदूक राहिली. रानडुकरांपासून भात-नाचणी राखायला सरकारनं तिचा परवाना दिला होता, पण तो त्यांच्या नावाचा. माणूस गेला की परवाना संपला, बंदूक पौडच्या कचेरीत जमा करावी लागेल, असं पोलीस पाटलांनी घरी येऊन समजावलं.

शेजारी वेगळ्या राहणाऱ्या दिरांना ते पटेना. एकदा दिलेली बंदूक परत येत नाही, तेव्हा ओढ्याच्या पुरात वाहून गेली म्हणून सांगावं आणि माळ्यावर ठेवून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. “दारू बंद केली, थांबली का? बंदुकीचं बी तसंच. वाईट करणाऱ्याला ती कुटंबी घावतीया. कायदा पाळणाराच मोकळ्या हातानं बसतोय.”

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पण मी म्हटलं, “भावजी, ती दारू बी लपूनच आली. लपून आली म्हणून तिच्यात काय हाय, ते कुणी इचारलं न्हाई. आता घरात लपवल्याली दुसरी वस्तू मला नगं. बंदूक मी जमा करणार, आन माझ्या नावावर करून आणणार.”

घोंगडीत गुंडाळून मी ती पौडच्या कचेरीत नेली. साहेब माणूस चांगला होता. घरात कुणी पुरुष नाही का, असं त्यांनी आधी विचारलं. मग सांगू लागले, की बांधावरून भांडण झालं आणि हाताशी बंदूक असली, तर जीव जातो. म्हणून बंदुका गावात कमी असलेल्या बऱ्या. तेही मला पटत होतं. बांधावरची डोकी फुटलेली मी पाहिली होती.

“साहेब, दारू समद्यांनाच बंद केली, तवा कोण इकतंय, कोण पितंय, काय बी कळंना झालं,” मी म्हणाले. “बंदुकीवर माझं नाव लिवा. माझ्या हातून चुकलं, तर धरायला माझ्याच दारात याल.”

ठासता येते का, म्हणून त्यांनी विचारलं. बंदुकीची दारू किती, गोळी कशी, ठासायचा गज किती वेळा मारायचा, सगळं मी न अडखळता सांगितलं. ते हसले नाहीत. अर्ज लिहून घेतला. चौथी शिकले होते, सही केली.

त्या साली डुकरांनी निम्मी नाचणी खाल्ली. मी डबा बडवत बांधावर उभी राहिले. पौडच्या आणखी तीन फेऱ्या झाल्या. पुढच्या भाताला लोंब्या धरायच्या सुमाराला परवाना आणि बंदूक हातात आली. दिवस मावळताना पहिला बार काढला, तो डुकराला लागला नाही. माझा खांदा मात्र काळानिळा झाला. चार दिवस कळप आमच्या बाजूला फिरकला नाही. पाचव्या दिवशी दीर स्वतःहून आले आणि त्यांच्या रानाच्या कडेलाही एक बार काढाल का, म्हणून विचारू लागले.