आतून एक हात काळा

आमचा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद केल्यावरही त्याचे हात शिवशिवतच होते, म्हणून त्याने प्लास्टिकच्या अवकाशयानाचं मॉडेल आणलं. त्यावर खिडक्या नुसत्या कोरलेल्या होत्या. आत माणसं राहतात म्हटल्यावर दिवे नकोत का, असं त्याचं म्हणणं. अर्ध्या मिलिमीटरचं गिरमिट चिमटीत फिरवत त्याने एकेक खिडकी आरपार पाडली, सहाशेच्या वर. घरातल्या खिडकीची कडी मोडलीय तिकडे बघायला मात्र वेळ नाही, असं वहिनी ऐकवायची. शेवटच्या खिडक्या त्याने मोतीबिंदू वाढत असताना, जवळजवळ चाचपडतच पाडल्या.

रंगकाम माझ्याकडे होतं. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. दिवे बसवण्याआधी आतून काळ्या रंगाचा हात द्यायचा, नाहीतर पातळ प्लास्टिकमधून उजेड झिरपतो, हे दादाने दहादा बजावलं होतं. मी कंटाळा केला. आत कोण बघतंय, म्हणून तसेच दिवे बसवले आणि यानाचे दोन्ही भाग कायमचे चिकटवून टाकले.

दादाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. यानाच्या खिडक्या सुट्या दिसल्या तरच उजव्याचं करायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनी डोळा तपासून ठीक म्हटल्यावर मी दिवे लावले. अख्खं यान बल्बसारखं पेटलं आणि खिडक्या त्यात बुडून गेल्या.

"आतून काळा दिलास ना?" दादाने विचारलं.

"दिला की," मी म्हणालो.

तो बराच वेळ बघत राहिला. मोठं दिसतंय, पण बारीक गेलं, म्हणाला, आणि उजव्या डोळ्याची तारीख रद्द करायला लावली.

चार दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. वहिनी समजूत घालून थकली. मी रोज जायचो, चहा प्यायचो, पण खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. स्वतःची शरम वाटायची आणि त्याची भीतीही. पाचव्या दिवशी गेलो तर त्याच्या सांगण्यावरून वहिनी घड्याळाची हत्यारं कुणाला तरी देऊन टाकायला बांधत होती. मग राहवलं नाही.

"दादा, काळा दिलाच नव्हता."

तो उठून बसला. दिवे पुन्हा लावायला सांगितले, यान डोळ्याजवळ धरलं.

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं," तो म्हणाला आणि वहिनीला नवी तारीख घ्यायला सांगितली. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. तो माझ्याकडे वळला.

"रंगाचं जाऊ दे. पण चार दिवस तू मला असं पडून राहू दिलंस?"