धूर मोजणारी जिजी

जिजी रोज उजाडता उजाडता वेशीवर चढायची आणि गावातला धूर मोजायची. पडक्या वेशीला आतून दगडी पायऱ्या होत्या. वर गेली की ती हलायची नाही, बोलायची नाही. फक्त अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा. खालून जाणाऱ्या बायका पदर पुढे ओढून घ्यायच्या. तिची नजर आपल्या घराच्या धाब्यावर जास्त वेळ थांबू नये, असं प्रत्येकीला वाटायचं. मलाही वाटायचं.

बाहत्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. पाथर्डीकडच्या त्या गावात मी नवीच होते. मालक दूर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले होते. घरात मी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि पाच महिन्यांची माझी शकू.

तेव्हा मारुतीच्या देवळात गाव बसलं होतं. ज्याच्याकडे असेल त्याने थोडी थोडी बाजरी एका सामायिक कणगीत घालायची, हे लवकर ठरलं. वाटायची कशी, यावर मात्र दोन दिवस भांडण चाललं. कुणी म्हणे माणशी द्या, कुणी म्हणे मागेल त्याला द्या. जिजी बायकांच्या मागे बसली होती. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "मागंल त्याला नका दिऊ. ज्याच्या पोटात काईच न्हाई, त्यो मागत न्हाई. चुली बघा."

मग तसंच ठरलं. ज्या घरावर सकाळी धूर नाही, त्या घराच्या दाराआड जिजीने दिवेलागणीला कणगीतले दाणे नेऊन ठेवायचे आणि नाव घ्यायचं नाही. ज्यांच्या विहिरीला थोडी ओल होती, त्यांनी सांडपाण्यावर चवळई लावून भाजी द्यायची. बियाण्याची बाजरी वेगळी बांधून जिजीच्या घरी ठेवायची. पाऊस पडेपर्यंत त्या गाठोड्याला कुणी हात लावायचा नाही. एका एकट्या बाईचं ऐकून आपण एवढं ठरवलं, याचं पुरुषांना मागाहून नवल वाटलं.

सासूबाईंना दाराआडचे दाणे नको होते. घरातलं पीठ संपलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आपल्या घराचा धूर दिसला पायजे. मानूस मेलं तरी धूर दिसला पायजे." मी रोज रिकाम्या चुलीत ओल्या गवऱ्या पेटवू लागले. धूर छान वर जायचा आणि जिजी तो मोजायची. कुठून पाला मिळाला तर उकडायचा, नाहीतर पाणी. आठ दिवसांत माझं दूध आटलं. शकू रडायची थांबली. पोर शहाणी झाली, असं आम्ही दोघी म्हणालो.

नवव्या सकाळी जिजी दारात उभी. आत आली, चुलीपाशी बसली आणि भिंतीला टेकवलेल्या तव्यावर तळहात ठेवला.

"धूर हाय. वास न्हाई," ती म्हणाली.

ती हळू आवाजात बोलत होती. "तुज्या घरावर दोन धूर हायेत पोरी. एक तुजा. दुसरा बारीक हाय, वाऱ्यानं बी हलत न्हाई. त्याच्याखाली चूल नसती."

मग तो कसला, असं मी विचारलं. तिने शकूच्या झोळीकडे पाहिलं. "मागं एकदा माज्या घरावर असाच हुता. मी बी वल्ल्या गवऱ्या जाळल्यात. माजी लेक हिच्याएवडीच हुती."

त्या दिवशी दाराआड बाजरी आली. सासूबाईंनी रागाने तोंड फिरवलं. पेज मात्र दोन वाट्या प्यायल्या. पाचव्या दिवशी शकू एवढी मोठ्याने रडली की शेजारीण बघायला आली. घरावरचा तो बारीक धूर गेला, असं जिजीने मला सांगितलं. मला तो कधी दिसलाच नव्हता.

पुढे ती मला रोज बरोबर नेऊ लागली. "तू चवथी शिकलीस न्हवं? मोज," म्हणायची. दोघींचा आकडा जुळला की आम्ही खाली उतरून गल्लीतून फिरायचो. धूर आधी दिसतो, भाकरीचा वास जरा मागून येतो, तो येईतो दारासमोर रेंगाळायचं, हे तिने मला शिकवलं. एका घरापाशी थांबून म्हणाली, "आज कोरड्यास करपलंय. चल लवकर, आता सासूचं तोंड सुटंल." मी पदरात हसले. लोक माझ्या अबोलपणाला घुमेपणा म्हणायचे. जिजीला तो आवडायचा. तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दारात ती म्हणायची, "जा आता, लेकराला पाज," आणि दार लोटून घ्यायची.

जेठातल्या एका सकाळी आमचा आकडा जुळेना. माझे बेचाळीस झाले, तिचे एकेचाळीस. पुन्हा मोजलं, तरी तेच.

"कुटं जास्ती येतोय?" तिने विचारलं.

मी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. एकाच धाब्यावर दोन होते. एक जाड, वाऱ्याने वाकलेला. दुसरा दोऱ्यासारखा, सरळ.

जिजीने तिकडे मान वळवली नाही. "त्यो मोजू नगं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती वेशीवर आली नाही. मी एकटीच वर उभी होते. शेतांवरून धुरळा उठत होता आणि गावातले सगळे धूर आडवे झाले होते. तिच्या घरावर तो बारीक तेवढा उभा होता.

जिजी भिंतीला टेकून बसलेली सापडली. अंग गार होतं. मांडीवर बियाण्याचं गाठोडं होतं, गावासमोर मारलेली गाठ तशीच. चुलीत अर्धी जळलेली ओली गवरी होती आणि तव्यावर कोळ्याचं जाळं. कणगी तळाला लागलीय, हे तिला एकटीला माहीत होतं.

रोज तिच्या दारात मी उभी राहत होते. भाकरीचा वास येत नव्हता, हे मला कळत होतं. आत येऊ का, एवढंच विचारायचं होतं. मोठ्या माणसाला असं कसं विचारावं, म्हणून मी घरी गेले.

पाऊस पडल्यावर ती बाजरी घरोघर वाटून पेरली. पीक आलं. शकू त्याच भाकरीवर चालायला शिकली.

आता मी शहरात, सावेडीत शकूकडे राहते. इथे गॅस आहे, धूर कुणाच्याच घरावर दिसत नाही. मी जिन्यातून सावकाश चढते आणि प्रत्येक दारापाशी जरा थांबते. शकू म्हणते, आई, लोक काय म्हणतील.

काल सकाळी गच्चीवरून समोरच्या इमारतीवर एक बारीक धूर दिसला. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी मास्तरीण एकटी राहते, बरोबर तिथे. आजही आहे. वारा सुटलाय, तो हलत नाही. शकूला दाखवला, तिला दिसला नाही.

परक्या दाराची बेल वाजवायला मला अजून लाज वाटते. दोन भाकरी फडक्यात बांधल्या आहेत, गरम आहेत तोवर जाते.