मुकी बटणं

शकुबाई आमच्याकडे आल्या की दिव्याचं बटण दाबताना कधी वर बघत नसत. "खटका नीट पडला की दिवा लागलाच समजायचं," म्हणत. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, माहेर नांदगावचं. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं हेच काम: विजेचं बटण कानाशी धरून तीनदा वाजवायचं. खटका पडला तर हिरवा ट्रे, नाही तर लाल.

एका शनिवारी त्या भरदुपारीच दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, माझ्या हातून लय मोठी चूक झाली."

बाहेरच्या देशातून तयार बटणं मागवणं आता सोपं झालंय, स्वस्तही पडतं. मालकांनी स्वतः बनवणं थांबवून तीच आणली. पहिला खोका शकुबाईंपुढे आला. एकाचाही खटका ऐकू येईना. त्यांनी चारशेच्या चारशे बटणं लाल ट्रेत टाकली!

"तो सुपरवायझर मयुरेश हसला वो. काकू, ही मुकीच असतात, म्हणे. कान घरी ठेवून येत जा. सोमवारी साहेबांनी बोलावलंय. काढतील का मला?"

स्पर्धा वाढली की वस्तू स्वस्त होतात, गिऱ्हाइकाचा फायदा होतो, असं मी बी.ए.च्या पेपरात दोन पानं भरून लिहिलं होतं. "पाणी आणते," म्हणून उठले. त्याही मागोमाग स्वयंपाकघरात आल्या, आणि सवयीने त्यांनी बटण दाबलं.

आवाज आला नाही. दिवा मात्र लागला.

गेल्याच आठवड्यात घरभर ही नवी बटणं बसवून घेतली होती. किती मऊ आहेत, म्हणून बाकीच्या शेजारणींना दाखवलीही होती. शकुबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा.

"तुमच्याकडं पण?"

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

सोमवारी संध्याकाळी साडेसहा वाजेपर्यंत मी गॅलरीतून हलले नाही. शेवटी त्या जिना चढून आल्या.

"ठेवलंय," म्हणाल्या. "पण तपासायचं नाय. नुसतं डब्यात भरायचं. तेबी दिवाळीपर्यंत."

"दिवाळीपर्यंत तरी आहे ना!" मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

घरात अंधारून आलं होतं. शकुबाईंनी बटण दाबलं आणि दिवा लागला का, हे मान वर करून बघितलं. बोट मात्र बटणावरून काढलं नाही.