काळ्या कॅसेटचं शेपूट

कोरी टेप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, असा महेंद्रचा नेम होता. लोकांचे नेम उपासाचे असतात, कुणी शनिवारी केस कापत नाही; ह्याचं आपलं हे. नगरला माळीवाडा स्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्याचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. आता एखादा अल्बम छप्पन्न मिनिटांचा असला आणि टेप साठची असली, तर मागं चार मिनिटं उरणारच. बाकीचे दुकानदार म्हणत, उरू दे, कोण बघतंय. महेंद्रला ते उरलेलं शेपूट बोचायचं. "गिऱ्हाइकानं साठ मिनिटं घेतलीत, साठ वाजली पाह्यजेत," असं म्हणून तो त्या शेपटात कुठं बासरी, कुठं सनई भरायचा, तीही अशी की जोड कानाला लागू नये. ह्या नेमापायी त्याच्यावर काय वेळ आली, तेच सांगायचंय.

महेंद्र मूळचा घोडेगावचा. बाप भिमाजी दिवसा जनावरांच्या बाजारात हमाली करी आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसे. छप्पन्न सालानंतर गावोगावच्या वस्त्यांत जी भीमगीतांची गायन पार्टी फिरायची, तिचा हा पुढचा गायक. आवाज असा, की पहिली ओळ उचलली की पोरं रडायची थांबत. पोराला गळा नाही मिळाला, कान मात्र बापाचा मिळाला. आधी रेडिओ दुरुस्ती, मग लग्नातले भोंगे, मग हे दुकान. सत्त्याऐंशीत भिमाजी गेला आणि मागं आवाजाची एकच कॅसेट राहिली, त्र्याऐंशी साली घरातच, सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. दुसऱ्यांच्या हजार कॅसेटी उतरवणाऱ्या ह्या गड्यानं बापाच्या कॅसेटची एक कॉपी काढून ठेवली नव्हती. उद्या करू, उद्या करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अशा माणसाच्या दुकानात इंग्लंडचा बँड कुठून शिरला? तर हनुमंतरावांमुळं. हनुमंतराव अकोल्याकडचे, शिर्डीत त्यांचं लॉज. पुण्याच्या होस्टेलात असताना त्यांना ह्या गाण्यांचं वेड लागलं. मेहुणा इंग्लंडात होता, तो 'द ग्लास फेरी' नावाच्या बँडची नवी कॅसेट निघाली की धाडून द्यायचा, आणि हनुमंतराव ती महेंद्रकडं आणत. एक कॉपी गाडीसाठी, एक लॉजसाठी. चौऱ्याण्णव सालापर्यंत त्या बँडच्या चार कॅसेटी निघाल्या होत्या. नावं वाचायच्या भानगडीत महेंद्र पडला नाही. कव्हर बघून त्यानं बारसं केलं: पहिली हिरवी, दुसरी पुलाची, मग चार गाण्यांची छोटी, आणि चौथी काळी. शब्द एक कळत नव्हता, पण त्यांचा ड्रमवाला कुठं दम खातो, गिटार कुठं मुद्दाम बेसूर सोडतात, हे तो तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगेल. "हिरवीत पोरं घाबरलेली हायती," आईला सांगायचा, "काळीत कुनाला भीत न्हाईत."

आई गीताबाई दिवसभर दुकानात बसायची. तिचंही काम ठरलेलं. कॅसेटच्या पाठीला दोन खिट्या असतात. त्या मोडल्या की तिथं भोकं पडतात आणि त्या टेपवर पुन्हा काही भरता येत नाही. भोकावर चिकटपट्टी लावली की परत भरता येतं. जुन्या कॅसेटींच्या ढिगाला अशा पट्ट्या लावायच्या, हे गीताबाईचं काम. वाचता येत नव्हतं. कॅसेटी ती रंगावरून ओळखायची आणि मशीनची बटणं खुणांवरून.

चौऱ्याण्णवच्या सहा डिसेंबरला महेंद्र दुकानात एकटाच होता. बाबासाहेबांचा स्मृतिदिन, अर्धा दिवस बंद ठेवायचं ठरलेलं, आणि एका मशीनमध्ये बापाची कॅसेट लावलेली. दुसऱ्यात हनुमंतरावांची काळी उतरत होती. काळीचं शेवटचं गाणं ऑर्गनच्या एका लांब सुरावर विरत जातं. तो सूर आणि बापाच्या पेटीचा सूर एकच निघाला. शेपूट होतं चार मिनिटं दहा सेकंदांचं. गाणं तेवढं भरत नव्हतं, म्हणून त्यानं गाण्याआधीचं, बाप नुसता पेटी धरून बसलेला असतानाचंही घेतलं आणि जोड असा केला की ऑर्गन कुठं संपला, पेटी कुठं लागली, देवालाही कळू नये.

तिसऱ्या दिवशी हनुमंतराव तावातावानं आले. "लॉजवर माणसं बसलेली असतात, महेंद्र. इंग्रजी संपतं आणि एकदम ही तुमची गाणी सुरू होतात. आमच्याकडं चालत नाही असलं. पुसून दे."

'तुमची' हा शब्द महेंद्रच्या बरोब्बर वर्मी लागला. "माझा बाप हाय त्यो," तो म्हणाला. "माझ्या हातानं पुसायचा न्हाई. मशीन तुमच्याकडं बी हाय."

हनुमंतराव कॅसेट उचलून गेले ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

पुढं वर्षभरानं एका मंगळवारी रात्री, आई घरी गेल्यावर, बापाच्या कॅसेटचं प्लास्टिक तडकलं. आपल्याकडच्या कॅसेटी चिकटवलेल्या, उघडल्या की फुटतात. महेंद्रजवळ हनुमंतरावांच्या छोटीचा रिकामा सांगाडा पडून होता, पांढरा, पाच स्क्रूंचा. आतली टेप मशीननं चावून टाकलेली. त्यानं बापाची टेप त्या इंग्लंडच्या सांगाड्यात बसवली. एक स्क्रू हरवला होता, तिथं रेडिओतला पितळी लावला. वरून बापाच्या नावाचं लेबल चिकटवायचं तेवढं राहिलं. तेही उद्यावर.

दुसऱ्याच दिवशी, शहाण्णवच्या जानेवारीतल्या त्या बुधवारी, कॉलेजच्या एका पोरीसाठी त्यानं आपल्याजवळच्या, शेपूट नसलेल्या कॉपीवरून काळी भरायला घेतली. ढिगातली कॅसेट उचलली, आवाज बंद ठेवून एक बाजू भरली, न बघताच उलटली, दुसरी भरली. लेबल लावायला हातात घेतली आणि बोटाला पितळी स्क्रू लागला.

ही तर बापाची कॅसेट. मागं-पुढं फिरवून दहा ठिकाणी ऐकलं. सगळीकडं ड्रम.

"भोकं हुती," गीताबाई हळू आवाजात म्हणाली. "पांढरी बघितली, मला वाटलं तुझ्या इंग्रजाची हाय. म्या पट्टी लावली अन् ढिगात टाकली."

तिच्यावर ओरडावं असं त्याला क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोला. पण बापाला इंग्रजाच्या डबीत कोंडून वर नाव न लिहिणारा हाच होता. आठ वर्षं गीताबाई रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना ती कॅसेट लावायची. त्या दुपारी ती मशीनकडं नुसती बघत बसली, आणि ते बघणं महेंद्रला सोसेना. तेव्हा त्याला काळीचं शेपूट आठवलं. साऱ्या जगात भिमाजीचा आवाज असलाच तर तिथं, आणि तो ज्याच्याकडं, त्याला ह्यानं दारातून परत लावलेलं.

अडला हरी, दुसरं काय. गुरुवारी सकाळी त्यानं एसटीडी बूथवरून शिर्डीला फोन लावला.

"ती गाणी मी त्याच आठवड्यात पुसली," हनुमंतराव म्हणाले. आवाजात तोरा नव्हता, उलट जरा अवघडले होते. "आणि आता मी सीडी घेतल्यात. जुन्या कॅसेटी सगळ्या प्रसादाच्या दुकानवाल्या रंगनाथला दिल्या काल. तो त्यावर आरत्या भरून विकतो. आज गुरुवार, सकाळपासून बसला असेल भरत."

महेंद्रनं फोन ठेवला आणि आईला सांगितलं, पुसलंय.

"तू बघितलंस का?" गीताबाईनं विचारलं. "न्हाई ना? मग चल. पट्टी म्या लावली, मी बी येते."

एसटीत बसायला जागा मिळाली, एवढंच काय ते नशीब. राहुरीच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, एक गाडी रस्त्यात आडवी झालेली, आणि ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळतोय. महेंद्रचा जीव नुसता खालीवर. एक कॅसेट भरायला साठ मिनिटं, दहापासून बसला असेल तर आतापर्यंत दोन झाल्या, दोन मशिनी असतील तर चार. गीताबाई म्हणाली, "मोजून गाडी पळती का?" शेवटी दोघं उतरले, रांगेच्या पुढं चालत गेले आणि कोल्हारकडं निघालेल्या जीपमध्ये मागं लोंबकळले. साठीची बाई, पण हूं का चूं केलं नाही. कोल्हारहून दुसरी जीप.

शिर्डीत गुरुवारची गर्दी. हनुमंतराव लॉजच्या काउंटरवर होते. गीताबाईला धापा टाकताना बघून ते उठून उभे राहिले. "मावशी, कशाला आलात एवढ्या लांब? मी सांगितलं होतं यांना, नाही राहिलं त्यात काही."

"दुकान दावा फक्त," ती म्हणाली.

काय मनात आलं कोण जाणे, ते काउंटर सोडून पुढं चालू लागले.

रंगनाथचं दुकान फुलांच्या आणि पेढ्यांच्या ओळीत होतं. आत फळीवर मशीन, शेजारी कॅसेटींचा ढीग आणि ओल्या फडक्यानं सोलून काढलेली लेबलं. महेंद्रनं ढीग उलटापालटा करून बघितला. एकीवरही नाव नाही. मग त्याची नजर मशीनच्या कडेला गेली. तिथं एक ओलं लेबल चिकटून राहिलं होतं, त्याच्याच अक्षरातलं: काळी.

"ही आत कितवी बाजू?" त्यानं विचारलं.

"दुसरी," रंगनाथ म्हणाला. "झालीच आता."

काचेतून दिसत होतं, डावं चाक जवळजवळ रिकामं. शेपूट दुसऱ्या बाजूच्या टोकाला. महेंद्रनं हात पुढं केला, तो रंगनाथनं मनगट धरलं.

"आरती चालू हाय. मधी थांबवत न्हाईत."

"रंगनाथ, थांबव, मी सांगतोय," हनुमंतराव म्हणाले.

"तुमी सांगा नायतर कलेक्टर सांगू द्या. सुरू केलेली आरती मी मोडत न्हाई. पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न हाय."

पाच-सात मिनिटांचाच प्रश्न होता. महेंद्र मनगट सोडवू बघत होता आणि चाक फिरत होतं. आणि मधून एक हात गेला, काकणांचा, सुरकुतलेला. चौकोनाची खूण कशाची हे गीताबाईला वाचता न येताही ठाऊक होतं. खट्.

"पाप लागायचं ते मला लागू द्या," ती रंगनाथला म्हणाली. "तुमचा देव लई लोकांचं ऐकून घेतोय म्हंतात. माझं बी घेईल."

रंगनाथचं तोंड लाल झालं होतं. त्यानं मशीनवरच्या देवाच्या फोटोला हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि बाजूला सरकला. महेंद्रनं टेप तिथूनच पुढं लावली.

काळीचं शेवटचं गाणं, अर्ध्यातून. बँडच्या पोराचा तो थकलेला आवाज, मग नुसता ऑर्गन. सूर लांबत गेला. आणि त्याच सुरात पेटी आली, जोड न कळता. कुणीतरी खाकरलं.

"गीते, कंदील जरा अलीकडं घे," भिमाजी म्हणाला. "अन् तू बी बस की आता. किती उभी ऱ्हाशील."

पेटीचा भाता दोनदा हलला. मग गाण्याचं पहिलं अक्षर, अर्धं, आणि त्यावर धाडकन इंग्रजी गाणं.

हनुमंतराव खाली बघत बोलले. "मी मागं-पुढं करून बघितलं होतं. इंग्रजी कुठं संपतं ते कळेना. त्या शेवटच्या सुरातलं एक सेकंदसुद्धा मला घालवायचं नव्हतं. म्हणून गाणं लागतं तिथून पुसलं. बोलणं राहिलं तसंच. वर्षभर ऐकतोय मी ते, मावशी."

महेंद्रला त्यांचा रागही आला आणि पाय धरावेत असंही वाटलं. दोन्ही एकदमच. "आई, गाणं एक बी न्हाई राहिलं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "एवढंच उरलं."

गीताबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "परत लाव," ती म्हणाली.

त्यानं लावलं. ती फळीजवळच्या पेढ्यांच्या डब्यावर टेकली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "गानी समद्या तालुक्याला म्हनून दाखवली त्यांनी. मला बस म्हनलेलं एवढंच हुतं."

मग तिनं कॅसेट मागून घेतली. तिच्या पाठीवर, भोकांवर, चिकटपट्टी लावलेली होती. तिनं नखानं आधी एका बाजूची पट्टी सोलली, मग दुसऱ्या बाजूची, आणि दोन्हींची गोळी करून रंगनाथच्या फळीवर ठेवली.